बागेंतील वेळ आणि कागदांतील वेळ

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांच्या मेजावर एखादी जंत्री असतेच. कागदावरील शक, मास व तिथि, किंवा मुसलमानी चंद्र हातीं आला कीं जंत्री उघडावी, इंग्रजी तारीख काढावी, ती समासांत टिपावी व पुढील कागदाकडे वळावें, हा आपला परिपाठ आहे. पण त्याच कागदांत 'चार घटका दिवस राहतां', 'प्रहर रात्रीं', 'दोन प्रहरांस', 'कासराभर दिवस आला तों' असे जे शब्द येतात त्यांकडे आपण फारसें लक्ष देत नाहीं. आणि दिलेंच तर कंसांत एक घड्याळी तास लिहून मोकळे होतों. प्रहर म्हणजे तीन तास व दिवस सहाला उगवतो, एवढ्या भांडवलावर हा सारा व्यवहार चालतो. हें भांडवल अपुरें आहे, आणि तें अपुरें असल्यामुळें माझ्या हातून एका कागदाची कायमची हानि झाली. ती हकीकत पुढें येईलच. चूक कोठें होती हें मला कळलें तें मात्र ग्रंथ वाचून कळलें नाहीं, रत्नागिरींतील एका सार्वजनिक बागेच्या बाकावर बसून कळलें. म्हणून आरंभ त्या बागेपासून करितों.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा ज्या टेकडीवर आहे, तिच्या समुद्राकडील कडेला थिबा पॉइंट या नांवाची जागा आहे. तेथें जिजामाता उद्यान आहे. कठड्यापाशीं उभें राहिलें म्हणजे खालीं भाट्याची खाडी, तिजवरील पूल, अलीकडे राजीवड्याची वस्ती, पलीकडे भाट्याचें सुरुबन आणि त्यापुढें उघडा समुद्र, असें सर्व एका दृष्टीच्या टप्प्यांत येतें. चाकरींतून मोकळा झाल्यापासून मी तेथें बहुधा नित्य जातों. पहिल्या वर्षीं मी मनगटावर घड्याळ बांधून जात असें. पुढें लक्षांत आलें कीं बागेंत घड्याळ पाहणारा मनुष्य क्वचितच आढळतो, आणि जो पाहतो तो बागेंत रमलेला नसतो. त्याला कोणाची तरी वाट पाहावयाची असते, नाहींतर गाडी पकडावयाची असते. बाकीच्यांना वेळ कळते ती एकमेकांच्या येण्याजाण्यावरून. पहांटे काळोखांत चालावयास येणारे परतूं लागले कीं पूजेचीं फुलें वेंचणाऱ्या बायका येतात. त्यांच्या परड्या भरल्या कीं माळी झाडलोट करावयास लागतो. मग ऊन चढतें, आणि कामानिमित्त खेड्यांतून शहरांत आलेलीं माणसें सावलींत शिदोरी सोडून बसतात. तिसऱ्या प्रहरीं वह्या घेतलेलीं कॉलेजचीं मुलें, मागाहून शाळा सुटलेलीं लहान मुलें, आणि दिवस कलला कीं आम्ही म्हातारे. 'पोरें आलीं, आतां ऊन उतरलें' किंवा 'फुलवाल्या गेल्या, आतां नळाचें पाणी येईल,' हीं वाक्यें मीं तेथें अनेकदां ऐकिलीं आहेत. त्यांत तास नाहीं, मिनिट नाहीं; परंतु ऐकणाराला काय करावयाचें तें नेमकें कळतें.

कुतूहलानें मीं एक टिपण ठेवूं लागलों. आमच्या बाकावरील शेवटचा मनुष्य उठला कीं घड्याळ पाहावें व आंकडा लिहावा, एवढेंच तें टिपण. नोव्हेंबरअखेर तो आंकडा सहावर पांचदहा मिनिटें असा पडे. मे महिन्याच्या शेवटीं सातवर दहापंधरा. म्हणजे फरक तासाहून अधिक. दोन्ही वेळां मीं आमच्यांतील एका वृद्ध गृहस्थांस विचारिलें, "आज उशीर कां झाला?" किंवा "आज लवकर कां?" दोन्ही वेळां त्यांनीं आश्चर्यानें उत्तर दिलें, "छे, रोजच्याच वेळेला तर उठलों!" आणि त्यांचें म्हणणें खरें होतें. सूर्यबिंब पाण्याला टेकलें, बुडालें, तांबूस रंग उतरला, कीं उठावयाचें, ही त्यांची वेळ; ती एका पळानेंहि बदललेली नव्हती. बदललें होतें तें माझें घड्याळ. याच्या उलट लहान मुलांची गोष्ट. तीं शाळेच्या घंटेवर येतात, म्हणून घड्याळाप्रमाणें त्यांची वेळ ठरलेली असते. परंतु मार्गशीर्षांत त्यांचा खेळ रंगतो न रंगतो तों अंधार पडतो व चैत्रांत त्यांना खेळावयास भरपूर उजेड सांपडतो. एकाच बागेंत, एकाच घटकेला, अशा दोन प्रकारच्या वेळा शेजारीं शेजारीं नांदत असतात. आपल्या दप्तरांतील कागद लिहिणारे कारकून पहिल्या प्रकारचे होते, आणि ते कागद वाचणारे आपण दुसऱ्या प्रकारचे आहोंत.

हें कांहीं नवें नाहीं. आपल्या धर्मग्रंथांत दिवसाचे पांच भाग सांगितले आहेत: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न. यांपैकीं दुसऱ्याचें नांवच पाहावें. संगव म्हणजे गाई दोहनासाठीं एकत्र करण्याची वेळ. सूर्य किती अंश चढला हें त्या नांवांत नाहीं. गोठ्यांत काय चाललें आहे तें आहे. गोरज मुहूर्ताचें तेंच, रामप्रहराचें व दिवेलागणीचें तेंच. बागेचाहि या हिशेबांत फार पूर्वींपासून प्रवेश आहे. वात्स्यायनानें नागरकाची दिनचर्या लिहितांना उद्यानगमन वर्णिलें आहे. त्यांत पूर्वाह्णीं घोड्यांवर बसून निघावें, दिवस तेथेंच घालवावा, आणि अपराह्णीं त्या बागेची कांहीं खूण अंगावर मिरवीत परतावें, असें सांगितलें आहे. परतण्यास घटका नेमून दिलेली नाहीं, दिवसाचा भाग नेमून दिला आहे. पूजेच्या फुलांची परडी घेऊन आमच्या बागेंतून बाहेर पडणारी बाई वात्स्यायनाच्या नागरकाची नातलग आहे असें म्हटलें तर तिला तें आवडणार नाहीं, पण वेळेच्या बाबतींत तें नातें खरें आहे.

आतां आंकडे. घटका ही स्थिर आहे: साठ पळांची, चोवीस मिनिटांची, अडीच घटकांचा तास. प्रहर मात्र स्थिर नाहीं. तो दिनमानाचा किंवा रात्रिमानाचा चवथा हिस्सा आहे, आणि दिनमान ऋतूप्रमाणें वाढतें व घटतें. रत्नागिरी सतरा अक्षांशांवर आहे; येथें जूनअखेरीचा दिवस तेरा तासांहून थोडा मोठा व डिसेंबरअखेरीचा अकरा तासांहून थोडाच मोठा असतो, म्हणजे दिनमान सुमारें २८ घटकांपासून ३३ घटकांपर्यंत हालतें. यावरून दिवसाचा एक प्रहर डिसेंबरांत सात घटकांचा, म्हणजे २ तास ४७ मिनिटांच्या आसपास, आणि जूनमध्यें सव्वाआठ घटकांचा, म्हणजे ३ तास १७ मिनिटांच्या आसपास पडतो. रात्रीच्या प्रहरांचा प्रकार याच्या उलट. तेव्हां 'प्रहर रात्र झाली' हा शब्द ज्येष्ठांतील कागदांत व पौषांतील कागदांत एकच तास दाखवीत नाहीं.

याहून मोठा घोंटाळा हल्लींच्या घड्याळाचा आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. रत्नागिरी ७३ अंश १८ कलांवर. अंतर सवानऊ अंशांचें, अंशास चार मिनिटें, म्हणून सुमारें ३७ मिनिटें. आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळांत सरासरीनें १२ वाजून ३७ मिनिटांनीं. आणि सूर्याची गति सारखी नसल्यामुळें नोव्हेंबरच्या आरंभीं १२ वाजून २० मिनिटांनीं, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५१ मिनिटांनीं. 'दुपार' हा शब्द 'दोन प्रहर' यापासून झाला हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. पण ही दुपार घड्याळाच्या बाराला कधींच येत नाहीं, हें शिकविणाऱ्या मास्तरांसहि ठाऊक नव्हतें. निदान या मास्तराला तरी नव्हतें. वर्षांतील कोणत्याहि दिवशीं रत्नागिरीस सूर्य घड्याळाच्या सहाच्या आधीं उगवत नाहीं. मग 'चार घटका दिवस राहतां' याचें काय करावयाचें? चार घटका म्हणजे ९६ मिनिटें. जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हां हा क्षण साडेपांचच्या पुढें येतो. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हां साडेचारच्याहि आधीं. शिवाय हे आजच्या घड्याळाचे आंकडे झाले. कागद लिहिणाराच्या स्थानिक वेळेसाठीं त्यांतून आणखी ३७ मिनिटें वजा करावयाचीं. एकाच शब्दसमुच्चयाला छापील ग्रंथांत सर्रास 'सायंकाळीं साडेचार' अशी टीप दिलेली असते. तीमुळें एखादी स्वारी किती कोस गेली, लढाई उजेडांत संपली कीं अंधारांत, असले निर्णय चुकतात.

'कासराभर दिवस' याचा मात्र पळांत हिशेब करूं नये असें माझें मत आहे. कासरा म्हणजे बैलांस बांधावयाची दोरी. क्षितिजापासून सूर्य तेवढ्या दोरीइतका वर दिसतो, ही शेतांत उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोळ्यांची मोजणी आहे. मीं बागेच्या कठड्यावरून समुद्राच्या सरळ रेषेवर ती पुष्कळ दिवस करून पाहिली. दोघां शेजाऱ्यांचा कासरा एका लांबीचा निघाला नाहीं. टीपेंत तो शब्द जसाच्या तसा ठेवावा.

बागेखालच्या खाडीनें मला आणखी एक हिशेब शिकविला, आणि तो कोंकणच्या कागदांस फार उपयोगी आहे. वरचीं माणसें सूर्यावर चालतात, खालच्या होड्या चंद्रावर. अमावास्येस व पौर्णिमेस आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास व मध्यरात्रीच्या सुमारास पुरी होते, तें उधाण. तेथून ती रोज मागें पडत जाते. किती? चंद्र तीस तिथींत सूर्याच्या मागें पूर्ण एक अहोरात्र पडतो. अहोरात्राच्या साठ घटका. म्हणून एका तिथीस बरोबर दोन घटका. घड्याळांत ४८ मिनिटें हा आंकडा अवघड वाटतो, घटकांत तो बोटांवर मोजतां येतो, आणि नाखवे तो बोटांवरच मोजीत. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, भरती सकाळसंध्याकाळच्या सहाच्या आसपास जाते व ओहोटी दुपारीं येते. बाकावर बसून तिथि आठवावी व पाणी पाहावें. वारापावसानें थोडाबहुत फरक पडतो, पण ठोकताळा चुकत नाहीं. 'गलबत भरतीवर हांकारिलें' एवढेंच ज्या कागदांत आहे व घटका दिलेली नाहीं, तेथें तिथीवरून वेळ काढतां येते. उलट, शुद्ध अष्टमीस ऐन दुपारीं भरलेल्या खाडींत जहाज आलें असें एखादा कागद सांगूं लागला तर त्याकडे जरा रोखून पाहावें.

पावसाळ्यांत बागेची ही सारी व्यवस्था मोडते. आषाढश्रावणांत सूर्यबिंब दिवसच्या दिवस दिसत नाहीं, बाक ओले, म्हातारे घरांत. कोण केव्हां येईल याचा नेम नाहीं. अशा दिवसांत शंकूची छायाहि निरुपयोगी असते, आणि घटिकापात्राचें महत्त्व अशाच वेळीं कळतें. तळाशीं सूक्ष्म छिद्र असलेलें तांब्याचें वाटीसारखें पात्र पाण्यावर सोडावयाचें. तें अहोरात्रांत साठ वेळां बुडावें, अशी सूर्यसिद्धान्तांतील योजना आहे. कौटिल्यानें राजाच्या दिवसाचे व रात्रीचे आठ आठ भाग सांगतांना नालिकेनें किंवा छायेनें मोजावे असे दोन्ही पर्याय दिले आहेत, ते व्यवहार जाणूनच. पण पात्र घरांत बुडालें तर तें नगराला कसें कळावें? त्यासाठीं आवाज हवा. बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत हिंदुस्थानांतील घड्याळ्यांची, म्हणजे घटका वाजविणारांची, चाल वर्णिली आहे: उंचावर टांगलेली पितळेची जाड थाळी, आणि तीवर घटकांचे ठोके. त्याची तक्रार अशी कीं रात्रीं जागा झालेल्या मनुष्याला ठोके ऐकूं येतात, पण हा दुसरा प्रहर कीं तिसरा हें समजत नाहीं. म्हणून घटकांच्या ठोक्यांमागून प्रहराचाहि ठोका द्यावा असें त्यानें फर्माविलें. पेशवाईंत पुण्यास रात्रीं तोफ होई व तीनंतर विनापरवाना रस्त्यावर हिंडतां येत नसे. म्हणजे कागदांतील 'तोफेनंतर' हा शब्द आधीं शासनाचा आणि मग काळाचा आहे.

ज्याच्या वाड्याशेजारीं आमची बाग आहे त्या राजाचीहि येथें आठवण होते. नोव्हेंबर १८८५ मध्यें इंग्रजांनीं थिबाला पदच्युत केलें, एप्रिल १८८६ मध्यें तो रत्नागिरीस आला, १९१० सालीं या वाड्यांत राहावयास गेला व डिसेंबर १९१६ मध्यें येथेंच वारला. त्याच्या मंडाले येथील राजवाड्यांत पूर्वेच्या अंगास एक मनोरा होता; तेथें जलयंत्रावर काळ मोजून प्रहरांप्रहरांस मोठा नगारा व घंटा वाजवीत. ब्रह्मी गणितांत अहोरात्राच्या साठ 'नायी' असतात. आपली नाडी किंवा नालिका तीच ही. अर्थात् येथील पंचांग त्या कुटुंबाला परकें नव्हतें. नव्हता तो नगारा. तीस वर्षें त्या राजानें वेळ कशावरून ओळखली असेल, हा प्रश्न सूर्यास्ताच्या वेळीं त्या कठड्यापाशीं माझ्या मनांत पुष्कळदां येतो.

बागेंत घड्याळ आलें तें मुंबईस. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली, आणि तिच्यांत डेव्हिड ससून यांच्या नांवाचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. (योगायोग असा कीं त्या बागेचें आजचें नांवहि वीरमाता जिजाबाईंचेंच आहे.) घड्याळ आलें म्हणजे वाद मिटला असें मात्र समजूं नये. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें प्रमाणवेळ ५॥ तासांची केली, ती ३९ मिनिटें पुढें गेली. मुंबईच्या महापालिकेनें जुनी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत सर्व देशाचीं घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. रोजनिशा व खाजगी पत्रें जमविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. १९४३ च्या रोजनिशींत 'सकाळीं सातला उजाडलें नव्हतें' असें वाक्य आलें तर लेखक आळशी किंवा खोटा ठरत नाहीं. रत्नागिरीची स्थानिक वेळ मुंबईहून दोन मिनिटांनींच पुढें आहे, म्हणून १९०६ नंतरचा हा सारा घोंटाळा आमच्याकडील कागदांसहि तसाच लागू पडतो.

आतां माझ्या चुकीकडे येतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खोत घराण्यांतील गृहस्थ जुन्या कागदांचें एक रुमाल माझ्याकडे घेऊन आले होते. त्यांत गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांतील एक यादी होती: खाडीच्या मुखाशीं एक गलबत फुटलें, त्यांतील माल कोणी काढला, कोणास किती दिला, माणसें किती गेलीं. यादीवर तिथि होती, इंग्रजी तारीख होती, 'मंदवार' हा वार होता, आणि घटना 'चार घटका रात्र राहतां' घडल्याचें लिहिलें होतें. मीं जंत्री उघडली. ती इंग्रजी तारीख रविवारची निघाली. वार एका दिवसानें चुकला, सबब यादी मागाहून बनविलेली असावी, असा अभिप्राय मीं त्या गृहस्थांस दिला. आणि तो मोठ्या खात्रीनें दिला. पडताळा म्हणून तीन ओळी मात्र माझ्या वहींत उतरून घेतल्या. पुढें काही महिन्यांनीं ते भेटले तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, "तुम्हीं खोटी म्हणालांत, मग उगाच घरांत कशाला ठेवा?" आणि तो सगळा रुमाल त्यांनीं खाडींत सोडला होता.

याला बरींच वर्षें लोटल्यावर एका पावसाळ्यांत बागेंतील गुलमोहराची मोठी फांदी वादळांत पडली. सोमवारीं मीं माळ्यास विचारिलें, "ही कधीं पडली?" तो म्हणाला, "शनिवारी रात्री चार वाजता." मास्तरी खोड जात नाहीं, मी म्हणालों, "अरे, चार वाजतां म्हणजे रविवार लागला." तो झाडू थांबवून माझ्याकडे पाहूं लागला व म्हणाला, "गुरुजी, उजाडलं कुठं होतं तेव्हा? उजाडल्याशिवाय रविवार कसा लागेल?"

वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, हें सूत्र मीं पंचांगाच्या पहिल्या पाठांत मुलांना शिकविलें होतें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्यासारखा ज्योतिषेतिहासकार आमच्याच जिल्ह्यांतला, दापोलीजवळच्या मुरुडचा, आणि पेशानें शिक्षकच. त्यांचा १८९६ सालचा ग्रंथ माझ्या कपाटांत होता. तरीहि यादी हातांत असतां मीं मध्यरात्रीं वार बदलला, कारण माझ्या मनगटावरील घड्याळ मध्यरात्रीं तारीख बदलीत होतें. यादी लिहिणाऱ्या कारकुनानें तारीख कचेरीच्या रिवाजानें व वार आपल्या रिवाजानें लिहिला. रविवारच्या पहांटे, सूर्योदयाला ९६ मिनिटें उरलीं असतां, त्याचा मंदवार अजून चालूच होता. यादींतील ज्या विसंगतीमुळें मीं ती खोटी ठरविली, तीच तिच्या खरेपणाची खूण होती. बनावट कागद करणारानें जंत्री पाहून वार जुळवून घेतला असता.

हाच प्रकार एका सुप्रसिद्ध नोंदींत आहे, म्हणून माझी चूक अधिकच लाजिरवाणी. कारीच्या जेधे देशमुखांची शकावली लोकमान्य टिळकांनीं, म्हणजे आमच्या रत्नागिरींत जन्मलेल्या पुरुषानें, १९१६ सालीं प्रसिद्धीस आणिली. तींत शिवाजीमहाराजांच्या सिंहासनारोहणाची नोंद शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असतां, अशी आहे. आपण तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी म्हणून पाळतों व तारीख ६ जून १६७४ धरतों. त्या तारखेस शनिवार होता. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटें. रायगडावर त्या दिवसांत सूर्य आजच्या घड्याळानें सहाच्या सुमारास उगवतो. तेव्हां तो क्षण पांच वाजण्याच्या आधींचा, इंग्रजी रीतीनें शनिवारचा, आणि शकावलीकाराच्या रीतीनें अजून न संपलेल्या शुक्रवारचा. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

मुसलमानी चंद्राच्या कागदांत तर तिसरी रीत येते. राजीवड्याकडून मावळतीची अजान बागेपर्यंत ऐकूं येते. ती झाली कीं त्या गणनेची नवी तारीख सुरू होते. आमच्या बाकावर एका संध्याकाळीं तिघे बसले असले तर एकाची तारीख तेव्हांच बदलते, दुसऱ्याची मध्यरात्रीं व तिसऱ्याची उजाडतांना. आणि उद्यां भेटूं म्हणून तिघेहि एकदमच उठतात. कागदांत 'छ' पुढें चंद्र असून घटना रात्रीची असेल तेथें जंत्रींतील तारीख लिहिण्यापूर्वीं, ही रात्र त्या तारखेच्या पुढची कीं मागची हें आधीं पाहावें. रात्रीच्या घटकेचा उल्लेख वगळून नुसती तारीख छापणें म्हणजे ही तपासणी पुढील वाचकास अशक्य करून ठेवणें होय.

माझ्या वहींतील त्या तीन ओळी अजून आहेत. त्यांत तिथि, वार, घटका व 'भरती पुरी होऊन ओहोटी लागली तों' एवढा मजकूर आहे. तिथि शुद्ध सप्तमी. दोन घटकांच्या हिशेबानें त्या पहांटे भरती साडेपांचच्या आसपास पुरी व्हावयाची. चार घटका रात्र राहतां म्हणजे स्थानिक वेळेनें साडेचारपांचच्या दरम्यान. अर्ध्यापाऊण तासाचें अंतर राहतें. तें वाऱ्यामुळें पडलें, कीं माझ्या ठोकताळ्यांतच तेवढें अंतर आहे, हें मीं खाडीवर सप्तमीच्या पहांटे जाऊन तपाशीत आहें. आजवर नऊ सप्तम्या झाल्या. फुटलेल्या गलबताच्या मालाच्या वांटणीसंबंधीं काजळी नदीच्या मुखाकडील एखादें पत्र, पावती किंवा हिशेबाचा बंद कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास, व त्यावर मंदवार सप्तमीची पहांट असल्यास, त्यांनीं तें मंडळाकडे कृपा करून कळवावें. नक्कल पाठवितांना वार आणि घटका गाळूं नयेत.